हळद आणि साठ ताटल्या: शिगाराकीच्या एका कार्यशाळेतलं प्रकरण

हे प्रकरण मी ज्या कार्यशाळेत हाताखाली काम करत होते तिथलं आहे. कार्यशाळेचं, गिऱ्हाइकाचं आणि उपाहारगृहाचं नाव दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून एक-दोन बारीक तपशीलही बदलले आहेत. माती, भट्टी आणि डाग यांच्याबद्दलचं सगळं मात्र जसं घडलं तसं आहे.

पार्श्वभूमी

शिगाराकी हे जपानच्या शिगा प्रीफेक्चरमधलं डोंगरात वसलेलं कुंभारांचं गाव. सेतो, तोकोनामे, एचिझेन, ताम्बा, बिझेन आणि शिगाराकी या सहा ठिकाणच्या भट्ट्या मध्ययुगापासून आजवर पेटत आल्या आहेत. २०१७ मध्ये या सहांना मिळून ‘जपान वारसा’ अशी मान्यता मिळाली. इथली माती प्राचीन बिवा सरोवराच्या तळाची. तिच्यात फेल्डस्पार या खनिजाचे आणि गारेचे, म्हणजे गारगोटीचे, कण असतात, चाकावर बोटांना ते टोचतात. लाकडावर कित्येक दिवस भाजणारे कलाकार आजही गावात आहेत. पण चाळिशी-पन्नाशीतले बरेच जण गॅसच्या नाहीतर विजेच्या भट्टीत रोजच्या जेवणाची भांडी करतात. वाट्या, ताटल्या, चहाचे कप. जपानीत या सगळ्याला एकच प्रेमाचा शब्द आहे, ‘उत्सुवा’.

आमच्या सेन्सेइंचं, म्हणजे गुरुजींचं, नाव ‘कोहिकी’ भांड्यांसाठी होतं. गडद, लोहयुक्त मातीचं भांडं घडवायचं, ते अर्धवट सुकलं की पांढऱ्या मातीच्या पातळ राबडीत बुडवायचं, मग कच्चं भाजायचं, वर पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा थर, देऊन पुन्हा पक्कं भाजायचं, ही कोहिकीची रीत. त्या पांढऱ्या राबडीला ‘केशोदो’ म्हणतात. ‘केशो’ म्हणजे शृंगार, ‘दो’ म्हणजे माती. ही पद्धत कोरियातून आली. चहाविधीच्या जाणकारांनी जुने कोरियाई वाडगे जिवापाड जपले. वापरता वापरता चहा पांढऱ्या थराखाली झिरपतो आणि आतून करडे-जांभळट डाग उमटतात. त्यांना ‘अमामोरी’ म्हणतात, शब्दशः छतातून गळणारं पाणी. पावसाळ्यात आपल्या घरांच्या भिंतींवर ओलीचे नकाशे उमटतात, तसेच ते दिसतात. चहाच्या जगात असा डाग म्हणजे भांड्याचं ‘केशिकी’, निसर्गदृश्य. हागी शहरची भांडीही वापराने रंग बदलतात. ‘हागी नो नानाबाके’, म्हणजे हागीची सात रूपं, असं लोक कौतुकाने म्हणतात.

यातूनच आजच्या उत्सुवा-कलाकारांचा आवडता वाक्प्रचार आला आहे: ‘उत्सुवा ओ सोदातेरु’. भांडं वाढवणं, लेकरू वाढवतात तसं. आमच्या कार्यशाळेच्या माहितीपत्रकावर तो पहिल्याच ओळीत होता. सगळ्या प्रकरणाची मेख याच वाक्यात होती, हे मला फार उशिरा कळलं.

ऑर्डर

२०२२ च्या ऑक्टोबरात ओसाकाहून एक बाई आल्या. त्या स्वतःचं छोटं ‘स्पाइस करी’चं दुकान काढणार होत्या. ओसाकात हा प्रकार गेली काही वर्षं चांगला रुजला आहे. भारत, श्रीलंका इथल्या मसाल्यांना जपानी दाशीची (सूपसारख्या रश्श्याची) जोड, आणि मधोमध भाताचा ढीग ठेवून दोन बाजूंना दोन वेगळ्या करी एकाच ताटलीत. या वाढण्याला ‘आइगाके’ म्हणतात. त्यांना आम्ही सगळे तेन्चो-सान म्हणत असू, म्हणजे दुकानाच्या कर्त्या.

त्यांनी सेन्सेइंची कोहिकी ताटली एका प्रदर्शनात पाहिली होती. मऊ पांढऱ्या रंगावर पिवळी-तांबडी करी कशी दिसेल हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मागणी होती ८ सुनच्या, म्हणजे साधारण २४ सेंटीमीटरच्या, काठ थोडा उचललेल्या ६० ताटल्या आणि लोणच्या-कोशिंबिरींसाठी ६० लहान वाट्या. ताटलीचा भाव ठरला ४,५०० येन. भाजताना माती आकसते, म्हणून चाकावर ताटली साडेसत्तावीस सेंटीमीटरची काढायची. आकार, काठाची उंची, भात किती मावेल, एकावर एक रचता येतील का, पांढरा किती दुधाळ हवा, सगळ्यावर सविस्तर बोलणं झालं. मी चहा आणून ठेवत होते आणि ऐकत होते. हळदीचं नाव दोनदा निघालं, दोन्ही वेळा रंगाच्या कौतुकात.

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो कोणालाच दिसला नाही. ही ताटली धुणार कोण, कशाने धुणार, आणि धुतल्यावर पुन्हा वापरायच्या आधी तिला सुकायला किती वेळ मिळणार, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. हळदीचे हात घेऊन मोठी झालेली त्या खोलीत मी एकटीच होते.

मार्च २०२३ मध्ये माल पोचला, एप्रिलमध्ये दुकान उघडलं. सोबत आमचं चार ओळींचं पत्रक गेलं. पहिल्या वापराआधी ‘मेदोमे’ करा, वापरण्यापूर्वी पाण्यात भिजवा, ओली रचून ठेवू नका, आणि डाग पडले तर तो भांड्याचा स्वभाव समजा.

मेदोमे म्हणजे भांड्याची रंध्रं बुजवणं. तांदळाच्या धुवणात भांडं बुडवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळायचं, त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं, धुऊन पूर्ण सुकवायचं. धुवणातला स्टार्च रंध्रांत बसतो. आपल्याकडे नवं मडकं वापरात घेण्याआधी त्यात धुवण किंवा पेज उकळतात, त्यातलंच हे. फक्त हा बंदोबस्त कायमचा नसतो. स्टार्च धुतला जातो, पुन्हा भरावा लागतो.

अडचण

जूनच्या मध्यावर तेन्चो-सानची ईमेल आली. अतिशय नम्र. आधी हवामानाची चौकशी, मग दुकान बरं चालल्याची बातमी, आणि शेवटी: ‘माझ्याकडून ताटल्यांची नीट निगा राखली गेली नाही, याची लाज वाटते. काही करता येईल का?’ खाली अकरा फोटो.

ईमेलमध्ये तीन निरनिराळ्या गोष्टी होत्या. आम्ही त्या एकच समजलो, ही आमची पुढची चूक.

पहिली गोष्ट रंग. ताटल्यांच्या मध्यभागी पिवळी जाळी उमटली होती. पारदर्शक ग्लेझ गार होताना खालच्या मातीपेक्षा जास्त आकसला तर त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात, याला ‘कान्न्यू’ म्हणतात. कोहिकीत त्या असतातच, आणि त्या भेगांतून तेलात विरघळलेली हळद आत शिरली होती. काही ताटल्यांवर मात्र जाळी पिवळी नव्हती, विटकरी लाल होती. तेन्चो-सानना वाटलं की आतल्या मातीतलं लोह वर येतंय.

दुसरी गोष्ट काळे ठिपके. ताटलीच्या तळाच्या कड्याला ‘कोदाई’ म्हणतात. तिथे ग्लेझ नसतो, भाजलेली माती उघडी असते आणि पाणी मुख्यतः तिथूनच आत जातं. त्या कड्यांवर बुरशी आली होती. जूनमध्ये जपानात ‘त्सुयु’ सुरू होतो, सहा-सात आठवड्यांचा दमट पावसाळा.

तिसरी गोष्ट फोटोत दिसणारी नव्हती, मजकुरात एका वाक्यात होती: गरम भात वाढला की काही ताटल्यांना ‘जुन्या तेलासारखा’ वास येतो.

सेन्सेइंनी ईमेल दोनदा वाचली. मग म्हणाले, “दोन महिने थांबल्या त्या.” पिवळेपणा पहिल्याच आठवड्यात आला होता, हे नंतर कळलं. ‘भांडं वाढवा’ असं माहितीपत्रकात वाचलेल्या बाईला वाटत राहिलं की आपण वाईट आई आहोत. म्हणून तिने विचारलंच नाही. चहाविधीतल्या एका माणसाच्या एका वाडग्यासाठी जन्मलेला शब्द आम्ही दिवसाला दोनदा भरणाऱ्या दुकानाच्या साठ ताटल्यांना चिकटवला होता. त्याने गिऱ्हाइकाचं तोंड बंद केलं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

पहिला उपाय

सेन्सेइंनी मला ओसाकाला पाठवलं. हळदीचं मला कळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरंही होतं.

लाल जाळी पाहताच मला उलगडा झाला. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. कुंकू त्यातूनच होतं. दुकानात भांडी धुण्याचं यंत्र होतं आणि त्यात जाणारी धुण्याची पूड क्षारधर्मी होती. शिवाय मुलं डागांवर ऑक्सिजनवालं ब्लीच टाकत होती, तेही तसंच. मातीतल्या लोहाचा यात काहीही हात नव्हता. मी एका ताटलीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकले, लालाचा पिवळा झाला. तेन्चो-सान बघतच राहिल्या.

मग मी त्यांना आईचा उपाय सांगितला. हळदीचा डाग साबणाने घासायचा नाही, उन्हात टाकायचा. हळदीतलं रंगद्रव्य प्रकाशात विघटित होतं, पांढऱ्या कापडावरचा डाग दोन उन्हांत फिका पडतो. त्या दिवशी नशिबाने कडक ऊन होतं. दुकानाच्या मागच्या गॅलरीत दहा ताटल्या मांडल्या. संध्याकाळपर्यंत आठ जवळजवळ पांढऱ्या झाल्या होत्या. तेन्चो-सानच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही खूश होऊन परत आले, आणि कार्यशाळेत सगळ्यांना वाटलं की प्रकरण मिटलं.

मिटलं नव्हतं. ऊन रंग घालवतं, तेल घालवत नाही. भेगांतून आत गेलेलं तेल तिथेच राहिलं आणि खवट होत गेलं. पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या ताटलीला आता जास्त वास येऊ लागला, कारण उन्हात तापून ते तेल पृष्ठभागाकडे सरकलं होतं, निदान मला तरी तसं वाटतं. आणि त्सुयु पुरता सुरू झाल्यावर ऊन मिळेनासंच झालं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने ताटली परत पाठवली. त्या दिवशी तेन्चो-साननी ईमेल केली नाही. फोन केला.

मोजमाप

आता सेन्सेइंनी एक गोष्ट केली, जी खरं तर ऑर्डरआधी व्हायला हवी होती. त्यांनी न वापरलेली शिल्लक ताटली घेतली, रात्रभर ओव्हनमध्ये पूर्ण सुकवली, वजन केलं: ६४० ग्रॅम. मग काही तास पाण्यात उकळली, त्याच पाण्यात गार केली, वरचं पाणी ओल्या फडक्याने टिपून पुन्हा वजन केलं: ६८६ ग्रॅम. म्हणजे एक ताटली ४६ ग्रॅम पाणी पिते, तीन मोठे चमचे. कोरड्या वजनाच्या ७.२ टक्के. पोर्सेलीनमध्ये, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांत, हा आकडा शून्याच्या जवळ असतो.

मग वाळण्याचा वेळ. कार्यशाळेतल्या जाळीच्या फळीवर, वारा लागेल अशी उभी ठेवूनही ती ताटली मूळ वजनावर यायला एक दिवस पुरला नाही. ओसाकाच्या दुकानात तीच ताटली दुपारी धुतली जाई, ओलीच रचली जाई आणि संध्याकाळी पुन्हा भातासाठी निघे. ती कधी सुकलीच नव्हती.

हा आकडा पाहिल्यावर कार्यशाळेतलं बोलणं बदललं. तोवर आम्ही ‘त्या मुलांनी नीट वाळवायला हवं’ असं म्हणत होतो.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा आणि तेन्चो-सानना हवा असलेला पर्याय लेपाचा होता. पक्क्या भाजलेल्या भांड्यावर चढवायचे पाणी-तेल रोखणारे द्रव लेप जपानात मिळतात, बरेच कलाकार ते वापरतात. खर्च थोडा, रूप जवळजवळ तेच. सेन्सेइंनी ठाम नकार दिला. एक कारण तांत्रिक होतं: क्षारधर्मी पूड आणि गरम पाण्याचा मारा रोज दोनदा बसला की लेप झिजणार, आणि कधी झिजला हे कोणाला कळणार नाही. दुसरं कारण त्यांनी उच्चारलं नाही. लेप दिलेलं भांडं त्यांच्या लेखी बंद झालेलं भांडं होतं. माझ्या मते पहिलं कारण बरोबर होतं. पण ते तपासलं गेलं नाही, दुसऱ्याच्या आडोशाला तसंच राहिलं.

दुसरा पर्याय संख्येचा. माती तीच ठेवायची, ताटल्या तिप्पट करायच्या आणि आळीपाळीने वापरायच्या, म्हणजे प्रत्येकीला सुकायला दोन दिवस मिळतील. कागदावर हा उत्तम होता. पण दुकानात एकूण बारा खुर्च्या, मागे एक माणूस आडवा उभा राहील एवढीच मोरी. १८० ताटल्या ठेवायच्या कुठे?

तिसरा, दुसऱ्याच कोणाकडून पोर्सेलीन घेणं. हा पर्याय खुद्द सेन्सेइंनीच मांडला आणि दोन कारखान्यांची नावंही दिली. मला त्यांचा त्या दिवशी फार आदर वाटला. तेन्चो-सान म्हणाल्या, “मला दुकानात हाताचा माग दिसायला हवा आहे.”

चौथा, मातीच बदलणं. लाल मातीत पोर्सेलीनच्या जवळची, जास्त घट्ट भाजली जाणारी माती मिसळून ‘हान्जिकी’सारखं, अर्ध-पोर्सेलीन शरीर करायचं, भट्टी थोडी जास्त तापवायची आणि वरचा शृंगार तोच ठेवायचा. यात गमावण्यासारखं बरंच होतं. कोहिकीचा पांढरा मऊ दिसतो तो खालची गडद माती थोडी डोकावते म्हणून. कधी कधी त्यात ‘गोहोन’ नावाचे गुलाबी ठिपके उमटतात, ते तर भाग्यच. माती फिकी आणि घट्ट झाली की हे सगळं कमी होणार होतं.

निर्णय

ठरलं ते एका संध्याकाळी, ओसाकाच्या दुकानात, गिऱ्हाईक गेल्यावर. सेन्सेइ स्वतः आले होते. आल्याबरोबर ते मोरीपाशी जाऊन उभे राहिले आणि तासभर तिथल्या मुलाला ताटल्या धुताना पाहिलं. त्या मुलाशी बोलले, यंत्र किती वेळ चालतं ते विचारलं, ओल्या ताटल्यांचा ढीग हाताने उचलून पाहिला. मग म्हणाले, “ही ताटली मी चहाच्या खोलीसाठी केली होती.”

ताटल्या चौथ्या पर्यायाने नव्या करायच्या ठरल्या. लहान वाट्या मात्र जुन्याच राहणार होत्या. त्यांत तेल-हळद कमी, कोशिंबीर आणि थंड पदार्थ जास्त, शिवाय त्या हाताने धुतल्या जात आणि जागा थोडी लागत असल्याने नीट सुकत. तिथे मेदोमे पुरेसं होतं. एकाच ऑर्डरचे असे दोन भाग करणं सुचायला आम्हाला सहा आठवडे लागले.

पैशांचं बोलणं अवघड गेलं. तेन्चो-सान पूर्ण रक्कम द्यायला तयार होत्या, सेन्सेइ काहीच घ्यायला तयार नव्हते. दोघंही एकमेकांपुढे वाकत राहिले. शेवटी मी, परकी असल्याचा फायदा घेऊन, निम्मं-निम्मं सुचवलं. २,७०,००० येनांच्या मालाचे १,३५,००० येन त्यांनी दिले.

भट्टीतलं काम

पहिल्या चाचणीच्या १२ ताटल्या फसल्या. जुनी माती १,२३० अंशांना, सातव्या नंबरच्या शंकूला (ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा शंकू) भाजत होतो, नवी १,२५० अंशांना, आठव्या शंकूला. वीस अंशांचा फरक ऐकायला लहान आहे. पण घट्ट भाजणारी माती त्या तापमानाला मऊ पडते, आणि चार ताटल्यांचे काठ लोंबले. पाच ताटल्यांच्या काठावरून पांढरा थर पापुद्र्यासारखा सुटला. कारण सरळ होतं: नवी माती जुनीपेक्षा जास्त आकसत होती आणि वरची राबडी जुन्या मातीच्या मापाची होती. अंग आकसलं, अंगरखा तेवढाच राहिला.

राबडीत केओलिन ही पांढरी माती कमी करून ‘गाइरोमे’ माती वाढवली. गाइरोमे म्हणजे बेडकाचा डोळा. ओली केली की तिच्यातले गारेचे कण बेडकाच्या डोळ्यांसारखे चमकतात. ही चिकण माती जास्त आकसते, त्यामुळे थर अंगाबरोबर आत येऊ लागला. ग्लेझमध्ये गारेची पूड थोडी वाढवली. तिने ग्लेझचं आकसणं कमी होतं, म्हणून भेगाही कमी होतात. ताटलीचा तळ किंचित जाड केला, काठ अर्ध्या सेंटीमीटरने खाली आणला, आणि कोदाईचं कडं अरुंद केलं, म्हणजे उघडी माती कमी राहील. दुसऱ्या चाचणीत बारापैकी एकच वाकली. पाणी पिण्याचा आकडा आला २.४ टक्के.

रंग? जुन्याइतका मऊ नाही. थोडा काचेरी, थोडा थंड. सेन्सेइंनी पहिली ताटली खिडकीत धरली, बराच वेळ पाहिली, आणि चाकाकडे परत गेले. ऑक्टोबरअखेर ७० केल्या, ६३ बऱ्या निघाल्या, ६० ओसाकाला गेल्या.

जुन्या ताटल्यांपैकी ५२ परत आल्या होत्या, बाकीच्या वापरात फुटल्या. त्यांना पुन्हा भाजायचं ठरलं. तेल, हळद, बुरशी हे सगळं सेंद्रिय, ७५० अंशांना जळून जातं आणि तेवढ्यात ग्लेझ वितळत नाही. धोका पाण्याचा होता. रंध्रांत ओल राहिली तर वाफ भांडं फोडते. म्हणून आधी आठवडाभर सुकवल्या, मग भट्टी अगदी सावकाश चढवली. ५७३ अंशांच्या आसपास तर विशेष जपून, कारण तिथे गारेचे स्फटिक एकदम फुगतात. गार होतानाही तिथेच तितकंच जपावं लागतं. तरी तिघींना तडे गेले. उरलेल्या ४९ नव्यासारख्या पांढऱ्या निघाल्या, वास पूर्ण गेला.

मात्र पंधरवड्याने काहींच्या कोदाईवर पांढरी पूड फुलली. भिंतीला लोणा लागतो तसा. ते करीतलं मीठ होतं. तेल जळतं, मीठ जळत नाही. त्या ताटल्या पुन्हा पुन्हा पाण्यात भिजवून, पाणी बदलून, सुकवाव्या लागल्या.

परिणाम

नव्या ताटल्यांवर हळद बसते, पण वरवर. रात्री हाताने धुतल्या की बहुतेक निघते, राहिलीच तर सुटीच्या दिवशी गॅलरीतल्या उन्हात. पुढच्या त्सुयुत बुरशी फक्त दोन ताटल्यांवर आली, आणि त्या दोन्ही ढिगाच्या तळाशी होत्या. वास नाही. दुकानाने लाकडी फळ्यांवर उभ्या खाचा पाडून घेतल्या आहेत, ताटल्या आता आडव्या रचल्या जात नाहीत.

भाजून घेतलेल्या जुन्यांपैकी १२ तेन्चो-साननी मागून घेतल्या, घरी वापरायला. त्यांच्या घरी दोन माणसं जेवतात आणि प्रत्येक ताटलीला सुकायला दिवस मिळतात. परवा त्यांनी एका ताटलीचा फोटो पाठवला. काठाजवळ राखाडी, ढगासारखा डाग. या खेपेला ईमेलमध्ये लाज नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

पाणी पिण्याची चाचणी ऑर्डर घेतानाच करायला हवी होती. तिला एक वजनकाटा आणि एक पातेलं लागतं. आता कार्यशाळेत उपाहारगृहाची मागणी आली की आधी एक नमुना दोन आठवड्यांसाठी त्यांच्या मोरीत पाठवला जातो, आणि तो परत आला की मगच भाव ठरतो.

माझी स्वतःची चूक उन्हाची होती. उपाय खोटा नव्हता, पण तो एकाच दुखण्यावरचा होता आणि मी त्याला तिन्हींचं औषध समजले. त्या बाईंच्या डोळ्यांतलं पाणी पाहून मी वासाबद्दल पुन्हा विचारलं नाही. तीन आठवडे त्यात गेले. त्या दिवशी ताटलीवर गरम पाणी ओतून नाक लावलं असतं तरी कळलं असतं.

माहितीपत्रक बदललं आहे. ‘भांडं वाढवा’ हे वाक्य काढायला सेन्सेइ तयार झाले नाहीत, आणि मला त्यांची बाजू समजते. ते वाक्य खोटं नाही, एका हातातल्या एका कपासाठी ते फार खरं आहे. पण आता ते तिसऱ्या पानावर आहे. पहिल्या पानावर लिहिलं आहे: ‘डाग, वास, बुरशी, पाझर, काहीही दिसलं तर त्याच दिवशी कळवा. चूक तुमची आहे असं समजू नका.’

लेपाबद्दल आमचं एकमत झालेलं नाही. मी निघण्याआधी सेन्सेइंना गळ घातली की निदान दोन ताटल्यांवर तो करून पाहावा. महिनाभर ते काही बोलले नाहीत. मग एक दिवस भाजून घेतलेल्या दोन जुन्या ताटल्यांवर लेप चढवून त्यांनीच ओसाकाला पाठवल्या. एकीच्या कोदाईवर लोहाच्या रंगाचा एक ठिपका, दुसरीच्या दोन. एक ठिपका म्हणजे लेपाचा एक हात, दोन ठिपके म्हणजे दोन. दोन्ही रोज यंत्रात धुतल्या जातात. सहा महिन्यांनी तेन्चो-साननी कळवलं की एका ठिपक्याची ताटली काठाकडून पिवळी व्हायला लागली आहे. दोन ठिपक्यांची अजून पांढरी आहे.